फुग्याला मळ्यात आणताना

माणूस पायी चाललेला आणि कुत्रं गाडीवर बसलेलं... असं अनुपमानं कधी पाहिलं नव्हतं.

धाडचा बाजार आटोपून ती मळ्याकडे परतत होती. स्कूटीच्या पायाशी रिकामे क्रेट, ओढणीला सांभाराचा म्हणजे कोथिंबिरीचा वास, आणि पाठीवर कार्तिकातलं कोवळं ऊन. पुढे एक तरुण मोटारसायकल ढकलत चालला होता, थंडीतही घामानं भिजलेला. आणि सीटवर एक पांढरं-तांबडं कुत्रं, घोडीवरच्या नवरदेवासारखं ताठ बसलं होतं.

अनुपमानं स्कूटी त्याच्या बरोबरीला आणली.

"भाऊ, गाडी कुत्र्याची हाये का?"

"त्याचीच समजा, ताई." तो धापा टाकत हसला. "पेट्रोल संपलं. मी उतरलो, पन तो उतरून नाई राह्यला."

"मंग उतरवा की त्याले."

"उतरवला. पुन्हा चढला. त्याले वाटते मी त्याले टाकून जाऊन राह्यलो." हे बोलताना त्याचं हसू जरासं विझलं. ते तिला दिसलं.

"बसा गाडीवर. त्याच्या मागं. मी पाय लावते."

"तुमी? अवं, लोक पाह्यतीन..."

"पाहू द्या. तुमी समोर पाहा."

आणि मग धाडच्या रस्त्यानं एक पोरगी आपला उजवा पाय एका परक्या माणसाच्या गाडीच्या पायदानीला लावून त्याला ढकलत चालली. त्याच्या पुढ्यात ते कुत्रं, कान वाऱ्यावर. तो समोर पाहत होता, पण आरशात. आरशात त्याचे डोळे तिला सापडले की तो घाईनं रस्त्याकडे पाही, आणि थोड्या वेळानं पुन्हा आरशाकडे. पंपावर पोचेपर्यंत हेच चाललं होतं. अनुपमाला हसू आवरत नव्हतं, म्हणून तिनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली.

पंपावर कळलं, त्याचं नाव अविनाश, कुत्र्याचं फुगा. गाव साखरखेर्डा. धाडला खोली करून राहायचा, ठिबकच्या दुकानात काम करायचा, शेतोशेत नळ्या जोडत फिरायचा. संक्रांतीनंतर नाशिकच्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं. तिथल्या खोलीत कुत्रं चालणार नव्हतं.

"घरी ठेवा ना, साखरखेर्ड्याले."

"घरी मोठे दोघं भाऊ हायेत. दोन खोल्या अन् चार एकर. तिथं मलेच जागा नाई, फुग्याले कुठून?" हे त्यानं इतक्या हलकेपणानं सांगितलं, की तिला ते लागलं.

"आमच्याकडं दोन हायेत," ती म्हणाली. "तिसऱ्याचं मायले विचारा लागन."

मळ्यात दोघीच राहत. अनुपमा आणि तिची आई सत्यभामाबाई. वडील गेल्यापासून वांगी, मिरची, मेथी, सांभार सगळं अनुपमाच पाहायची. बुलढाण्याला बी.एस्सी. झालेली मुलगी, पण पहाटे पाण्याचा कॉक फिरवायला अंधारात जाणारी. सोबतीला सरपंच आणि मिरची ही दोन कुत्री. सरपंच म्हातारा, काळा, कुठल्याही गोष्टीवर उगीच न बोलणारा. मिरची त्याची लेक, आणि ती नावासारखीच होती. रात्री रानडुकरं वांग्यात शिरत आणि सरपंचाला आता पळवत नसे. म्हणून सत्यभामाबाई म्हणाल्या, "आन वं. तरनं कुत्रं बरंच हाये."

आणि इथेच घोळ झाला.

वडील होते तोवर मळ्यात बैल होते. बाजारातून नवा बैल आला की सत्यभामाबाई त्याच्या पायांवर पाणी घालत, कपाळाला कुंकू लावत, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकून देत. म्हणजे वाटेतली नजर वाटेतच राही. वडील गेले, बैल विकले, आणि त्या हातांना कित्येक वर्षांत कोणाचं स्वागत करायला मिळालं नव्हतं. अविनाश फुग्याला घेऊन आला, तर बाई पाण्याचा तांब्या आणि कुंकवाची कुयरी घेऊन दारात उभ्या.

"माय, कुत्र्याले कोनी असं करते का?"

"घरात जनावर येऊन राह्यलं. असं कोरडं कसं घ्याचं?"

फुग्यानं पाय भिजवून घेतले. कुंकू लावल्यावर शिंकला. सरपंच आणि मिरची दोन बाजूंना उभे होते, शेपट्या काठीसारख्या ताठ. ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सत्यभामाबाईंनी भाकर ओवाळली आणि लांब फेकली.

बैल भाकरीमागं धावत नाही. तीन कुत्री एकदम धावली.

पुढचं सगळं धूळ, केस आणि आरडाओरडा. अविनाशनं मधे हात घातला आणि मिरचीचा दात त्याच्या तळव्यात घुसला. फुग्याचा कान फाटला. अनुपमानं रिकामा क्रेट मधे आपटला, सत्यभामाबाईंनी घागर ओतली, तेव्हा कुठे तिघं वेगळे झाले.

"म्या तं बैलासारखंच केलं वं..." बाई ओट्यावर बसून रडवेल्या झाल्या.

अविनाश हाताला रुमाल गुंडाळत होता. रुमाल लाल होत चालला होता. तो म्हणाला, "काकू, मनाले लावून घेऊ नका. भाकर तुमची अशी खरपूस, की मी बी धावलो असतो. मिरची पुढं होती म्हनून राह्यलो."

बाई रडता रडता हसल्या. आणि अनुपमानं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ दुखण्यानं पांढरे पडलेले, आणि माणूस तिच्या आईला हसवत होता.

त्यानं सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. फुग्याचा कान गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी शिवला आणि दोघांनाही चांगलं झापलं.

"थेट घरात नेतात का कुणी? घर त्यांचं आहे. आधी बाहेर भेटवा, दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागी. लांबून, एकाच दिशेनं चालवा. समोरासमोर नाही. खायला मधे काही आणायचं नाही. याचं अंथरूण त्यांना हुंगायला द्या, त्यांचं याला. हा रस्त्यात भेटलेला ओळखीचा आहे, घर घ्यायला आलेला नाही, असं वाटलं पाहिजे त्यांना. आणि घाई केलीत, की पुन्हा पहिल्यापासून."

अंथरूण म्हणून अविनाशनं आपलं जुनं निळं स्वेटर दिलं. फुगा त्यावरच झोपायचा. "कुत्र्याच्या वासाचं हाये, नाक दाबून न्या," तो म्हणाला.

स्वेटरला कुत्र्याचा वास होता. पण खाली, लोकरीच्या आत, दुसराही वास होता. साबणाचा, मातीचा, ठिबकच्या नव्या नळीचा. ते सरपंचाच्या पोत्यावर टाकायचं होतं. अनुपमानं टाकलंही... पण दुसऱ्या दिवशी.

"स्वेटर कुत्र्याले द्याचं होतं ना?" सत्यभामाबाईंनी सकाळी चुलीपाशी सहज विचारलं. "मंग रातच्याले तुया उशाले काऊन होतं?"

"थंडी होती, माय."

"हाव. यंदा लय थंडी हाये." आणि बाईंनी फुंकणी उचलून चुलीत जोरात फुंकर मारली.

जागा ठरली ती पाझर तलावाची पाळ. मळ्यापासून जवळ, आणि कोणाचीच नाही. वरून अनुपमा चालायची सरपंच आणि मिरचीला घेऊन. खालच्या गाडीवाटेनं अविनाश फुग्याला घेऊन. मधे सगळा उतार, त्यावर रानतुळस आणि काटेरी झुडपं. रोज संध्याकाळी, ऊन तलावावर आडवं पडलं की दोघं निघत. मिरची गुरगुरे. फुगा खाली मान घालून चाले. एकमेकांकडे न पाहता चालायचं, असा डॉक्टरबाईंचा हुकूम होता. तो कुत्र्यांसाठी होता. पण पाळणं अवघड दुसऱ्याच दोघांना जात होतं.

पहिल्या दिवशी तो "ताई" म्हणाला होता आणि ती "भाऊ". त्या भागात अनोळखी माणसाला हाक मारायची तर दुसरं असतं तरी काय? पण पाळीवर चालायला लागल्यापासून ते "ताई" कुठेतरी गळून पडलं. "भाऊ" तर तिच्या ओठांवर यायच्या आधीच मागे फिरायचं. नाव घ्यायची छाती दोघांनाही नव्हती. मग हाका कुत्र्यांच्या नावानं सुरू झाल्या.

"फुगा, विचार बे वरच्या लोकायले, आज लौकर काऊन निंघाले?"

"सरपंच, सांग खालच्या लोकायले, घड्याळ दुरुस्त करा म्हनून."

"फुगा, वरचे लोक आज हिरवी ओढनी घालून आले. चांगली दिसते म्हन."

वर ओढणी पुन्हा एकदा सारखी झाली. मग हळूच, "सरपंच... खालच्या लोकायले म्हन, कुत्रं सांभाळा. ओढनी आमची आमी सांभाळू."

फोन दोघांकडे होते. पण त्यानं एकदाच काय ते पाठवलं... फुग्याच्या कानाचा फोटो, टाके भरून आले का ते दाखवायला. कान त्यानं दोन बोटांत धरला होता. अनुपमा त्या रात्री फोटो मोठा करून पाहत राहिली. कान कधीच चौकटीबाहेर गेला होता. ती पाहत होती ती बोटं, नखाजवळ नळी कापताना लागलेली जुनी खूण, आणि तळव्याच्या पट्टीची कड.

उतार हळूहळू आटत गेला. फुगा अर्ध्या उतारावरून चालू लागला, मग पाळीच्या कडेनं, मग एक दिवस वरच. तिघा कुत्र्यांच्या आगेमागे दोघं माणसं, मधे एक हातभर वारा. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाचा, आंबेचा, वास वाऱ्यावर यायचा. आता हाका मारायची गरज राहिली नव्हती, तर बोलणंच सुचेनासं झालं.

अशाच एका संध्याकाळी त्यानं निवृत्तीमामांची गोष्ट सांगितली. त्याच्या आईचा सख्खा भाऊ. बायकोच्या गावी घरजावई म्हणून गेला. हुशार शेतकरी, पडीक रानात बाग उभी केली. पण पोळ्याला तोरणाखाली बैलं मानाप्रमाणे उभी करतात ना, तिथे मामांची जोडी जन्मभर शेवटी. त्यांच्या मागे कोणीच नाही.

"मी लहान होतो," अविनाश म्हणाला. "मामासंग उभा होतो एकदा. बैलं अशी देखनी, गोंडे-झुली. अन् लोक पुढून हाका मारून राह्यले, 'पाहुन्यायची बैलं मागं घ्या हो!' तीस वर्सं राह्यला मानूस त्या गावात. पाहुनाच राह्यला. मेला तेव्हा बी लोकायनं असंच म्हनलं, अमक्याचा जावई गेला. नाव नाई घेतलं कोनी."

 मिरचीची दोरी अनुपमानं मनगटाला एक वेढा जास्त घेतली.

कारण तिचं दुखणं तेच होतं. ती एकुलती एक. काका, भगवानराव, शेजारच्याच रानात. दर स्थळ आलं की म्हणत, "देऊन टाका वहिनी पोरीले. मळा मी पाह्यतो." मळा ते पाहतील म्हणजे काय, ते दोघी मायलेकींना ठाऊक होतं. आई मग त्यांच्या ओसरीवर एका कोपऱ्यात. म्हणून आलेली स्थळं अनुपमानंच माघारी लावली होती. तिच्याशी लग्न करणाऱ्याला इथे यावं लागणार होतं. आणि मामांच्या बैलांमागे उभं राहिलेल्या ह्या माणसाला, तू ये, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

 पाळीवरचं चालणं संपू नये म्हणून ती आतल्या आत एकच गोष्ट मागू लागली: कुत्र्यांचं जमू नये.

जमत तर होतं. सरपंचानं एकदा फुग्याचं अंग शांतपणे हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याची शेपटी सैल होती. मिरचीनं पुढचे पाय टेकून, मागचं वर करून, फुग्याला खेळायला बोलावलं. हे अनुपमानं पाहिलं. अविनाशनंही पाहिलं.

"मिरचीचा अजून भरोसा नाई," ती म्हणाली.

"नाई ना," तो लगेच म्हणाला. "सरपंच बी... मले जरा रागात वाटते."

सरपंच त्या वेळी उन्हात उताणा पडला होता.

"अजून काही दिवस पाहू."

"पाहू. घाई करू नका म्हनल्या डॉक्टरबाई."

काका ते रोज पाहतच होते. एकदा बांधावर उभे राहून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "सत्यभामा वहिनी, तलावावर सोयरीक कुत्र्यायची जुळून राह्यली का मानसायची?"

सत्यभामाबाई मेथी खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुत्र्यायची जुळली भावजी. मानसायले अक्कल कमी असते, टाइम लागते."

संक्रांत तोंडावर आली तरी दोघं म्हणत होते, अजून नाही. शेवटी कुत्र्यांनाच कंटाळा आला. पाळीवर एका सशामागं तिघं एकदम सुटली. अनुपमाच्या हातातून दोन दोऱ्या निसटल्या, त्याच्या हातातून एक. ससा केव्हाच गायब झाला आणि तिघं सरळ मळ्याच्या दिशेनं पळाली.

अनुपमाला आठवली ती पहिल्या दिवसाची धूळ, केस, रक्त... ती उतारावरून धावत सुटली. चप्पल झुडपात अडकली. पाय घसरला.

"अनू! थांब! पडशीन!"

ती थांबली. तोही थांबला. नाव दोघांच्या मधे तसंच राहिलं. कोणी उचललं नाही, कोणी मागे घेतलं नाही. त्यानं झुडपातून तिची चप्पल काढली, तिच्या पायाशी ठेवली, आणि दोघं पुन्हा धावू लागले.

मळ्यात पोचले तर सगळं शांत. सरपंच आपल्या पोत्यावर. त्याच्या पोटाला पाठ लावून फुगा. मिरची दोघांच्या पलीकडे, जीभ बाहेर काढून. सत्यभामाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"केव्हा आले हे?"

"आले न् झोपले." बाईंनी खडा वेचून टाकला. "अवं, त्यायचं तं आठवड्याआधीच जमलं. म्या तुरीतून पाह्यलं, पाळीवर कसे खेळून राह्यले ते. तुमी दोघं कशाची वाट पाहून राह्यले, तेच मले समजत नोतं."

अविनाशनं झोपलेल्या फुग्याचा पट्टा सोडवून घेतला. तो त्यानं गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"मंग... आजपासून याले इथंच ठेवतो," तो म्हणाला. "झालं काम."

"हाव," अनुपमा म्हणाली. "झालं."

तो गेला. गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ती चुलीपुढे लाकडं सारत बसली, पेटलेल्या चुलीत पुन्हा पुन्हा.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. मळ्यात काम होतंच, कामाला कुठे काय तोटा? पण ऊन तलावावर आडवं पडायची वेळ झाली, की तिचे पाय आपोआप दोऱ्यांकडे वळत. आता चालवायची गरज नव्हती. कुत्री मोकळीच होती. तरी ती पाळीवर जाई. खालची गाडीवाट रिकामी असे. फुगा वाटेकडे तोंड करून बसे, आणि मोटारसायकल वाजली की उठे. दुसऱ्याच कोणाची असे. मग तो तिच्याकडे असा पाही, जणू तिनंच कुठे लपवलं आहे. "मले काय पाह्यतं बे?" ती म्हणे. "मी तुयापेक्षा शहानी हाये का?"

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला.

धुतलेला शर्ट, खांद्याला बॅग. दुपारच्या एसटीनं बुलढाणा, तिथून पुढे. फुग्यानं त्याला जवळजवळ पाडलंच. सत्यभामाबाईंनी तिळाचे लाडू आणून दिले आणि "मेथी खुडाची राह्यली" म्हणत वांग्यांच्या वाफ्याकडे निघून गेल्या. मेथी उलट्या बाजूला होती.

"सामान?" अनुपमानं विचारलं.

"कालच गेलं. ट्रकवाला ओळखीचा होता."

"मंग तुमी काऊन राह्यले?"

"याले भेटाले."

"भेटले?"

"भेटलो."

विहिरीवरचा पंप चालू होता. पाटात पाणी झुळझुळत होतं. तो उठला. बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. आणि अनुपमाला वाटलं, हा आता वळेल, तुरीच्या आड जाईल, आणि मग जन्मभर आपण त्या तुरीकडे पाहत बसू.

"एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या मामाची बैलं मागं उभी राहत. मामी कुठं उभ्या राहत?"

तो गोंधळला. "मामी? घरात असन. पोळ्याले पुरन शिजवत."

"एकदा बी नाई आल्या मामाजवळ?"

"नाई... असं कोनाच्या मनातच नाई आलं."

"मी आली असती." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आमच्याकडं बैल नाईत. पन नावं ठेवाले लोकायले बैल लागत नाईत. काका बोलतीन. गाव बोलन. पंगतीत, पारावर, लग्नात. मी तुमाले थांबा म्हनत नाई. थांबा म्हनाचा मले हक नाई. एवढंच सांगते, की जिथं तुमाले मागं उभं करतीन, तिथं मी बाजूले येऊन उभी राहीन. सगळ्यायच्या देखत. डोक्यावर पदर घेऊन आत नाई बसनार."

पंप बंद झाला. लाईट गेली असावी. एकाएकी इतकं शांत झालं, की तुरीत शेंगा टोकरणाऱ्या पोपटांचा आवाज ऐकू येऊ लागला.

अविनाश खाली पाहत होता. बॅग खांद्यावरून उतरवत म्हणाला, "सशाच्या दिवशी सांगाचं होतं हे."

"त्या दिवशी धीर नोता."

"मले बी नोता. रोज पाळीवर ठरवून येत होतो, आज सांगू. अन् सरपंच रागात हाये असं म्हनून परत जात होतो." तो हसला, पण डोळे ओले होते. "माय रडन माही."

तिनं चटकन विचारलं, "मी पसंत नाई पडनार?"

"तसं नाई वं. तिले तीन पोरंच. पोरगी नाई. घरातून कोनाले सासरी वाटे लावाचं तिले मालूमच नाई."

मग तो विहिरीच्या काठाशी जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. शेवटी "नाई साहेब, घरचंच काम निंघालं, कायमचं," एवढं तिला ऐकू आलं.

"आता सामानाचं काय?" तिनं विचारलं.

"जाऊन आनतो. उद्या परवा येतो." दोन पावलं जाऊन तो मागे वळला. "येताना द्राक्षं आनू का, वरच्या लोकायसाठी?"

"आंबट असली तं परत पाठवीन," ती म्हणाली. "द्राक्षं. तुमाले नाई."

लग्न वैशाखात झालं. काका बोलले, गाव बोललं, जेवायलाही सगळे आले. लग्नानंतर रीतीप्रमाणे अनुपमा साखरखेर्ड्याला गेली, चार दिवस राहिली. आणि मग दोघांची मळ्यावर निघायची वेळ झाली.

जीप दारात उभी होती. सासूबाई, सरस्वतीबाई, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि काय करावं ते त्यांना सुचेना. सुनेची ओटी भरली. मग मुलाकडे वळल्या. त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, पुन्हा नीट केली. हातात डब्यांची पिशवी दिली, परत घेतली, आतलं लोणचं सांडत नाही ना पाहिलं, पुन्हा दिली. मोठ्या सुना मागे उभ्या होत्या. शेवटी त्यांनी अनुपमाला बाजूला घेतलं.

"रागावला की जेवत नाई तो," त्या हळूच म्हणाल्या. "विचारजो नको. ताट वाढून ठेवजो अन् दुसरीकडं जाजो. मंग जेवते. अन् ऊन लागते त्याले. अन् पोरी... सणाले पाठवजो वं त्याले. आडवू नको."

"मी सोताच घेऊन येईन, आई."

"येजो," म्हणता म्हणता बाईंना हुंदका फुटला, तो आवरेना.

अविनाशनं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि मागे न पाहता जीपमधे येऊन बसला. आत अनुपमा खिडकीशी बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, उठली, आणि खिडकीची जागा त्याला दिली.

जीप निघाली. गल्ली मागे गेली, मारुतीचा पार गेला, वेशीतलं लिंबाचं झाड गेलं. तो खिडकीबाहेर मान काढून पाहतच होता. धूळ उडून डोळ्यांत जात होती, तरी पाहत होता. आईचं लुगडं दिसेनासं झालं, तेव्हा त्यानं तोंड आत घेतलं आणि बाहीनं डोळे पुसले.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि हसला. "वहिनी, उलटंच झालं हे. नवरी कोरडी, अन् नवरदेव रडून राह्यला?"

"रडू द्या, भाऊ," अनुपमा म्हणाली. "माहेर त्यायचं हाये."